कळकणे

कल्हईवाला आमच्या अंगणात भट्टी मांडून बसे, तेव्हा नवसागराचा उग्र पांढरा धूर घरभर कोंदे आणि पातेल्याच्या पोटात कथिलाचा लखलखीत लेप फिरताना पाहत आम्ही मुले खिळून उभी राहत असू. परंतु या खटाटोपामागचे भय मला उमगले ते एका दुपारी, जेव्हा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात चुकून राहिलेले ताक आजीने बोटावर घेऊन जिभेला लावले, ‘कळकलं’ एवढाच शब्द उच्चारला आणि ते सारे ताक मोरीत ओतून दिले. अन्न नासते, आंबते, विटते, ते स्वतःच्या प्रकृतीने. कळकते मात्र ते भांड्याच्या दोषाने. भांडे अन्नात उतरते, या घटनेसाठी एक स्वतंत्र क्रियापद घडविणाऱ्या भाषेत मी जन्मलो, याचे मला आज विशेष मोल वाटते, कारण हल्ली रसायनशास्त्रज्ञ ज्याला ‘मायग्रेशन’ म्हणून मोजतात, ते कळकण्याहून निराळे नाही.

छांदोग्य उपनिषदाने आहाराच्या शुद्धीवर सत्त्वाची शुद्धी अवलंबून ठेवली. शंकराचार्यांनी ‘आहार’ या शब्दात इंद्रियांनी ग्रहण केलेले सर्व विषय घेतले. रामानुज संप्रदायाने त्याचा अर्थ पानात वाढलेल्या अन्नापाशीच ठेवला आणि अन्नाचे तीन दोष मानले : पदार्थाच्या जातीचा, तो ज्याच्या हातून येतो त्या आश्रयाचा, आणि धूळ, केस, घाण यांसारख्या निमित्ताचा. या तिहींपैकी आश्रयदोषाचा आपल्या समाजाने जो अर्थ केला, त्याची लाज वाटल्यावाचून मला पुढे लिहिता येत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांनी ओंजळीत घेतले म्हणून ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. अदृश्य स्पर्शदोषाची एवढी तीव्र जाणीव असलेल्या समाजाने ती सारी जाणीव माणसाच्या जन्मावर उधळली, आणि पात्राच्या द्रव्याकडे पाहण्याचे काम कल्हईवाल्यावर व घरोघरच्या आज्यांच्या जिभेवर सोपविले. स्मृतिकारांनी द्रव्यशुद्धीचे विधी सांगितले आहेत हे खरे : तांब्या-पितळेला आम्ल व क्षार, मातीच्या भांड्याला पुन्हा भट्टी, पण तेथे दोष बाहेरून भांड्याला लागतो आणि धुतल्याने जातो.

प्लॅस्टिकचा दोष धुतल्याने जात नाही, कारण तो बाहेरून लागलेलाच नसतो. दीर्घ रेणूंच्या साखळ्यांनी विणलेल्या या पदार्थात साखळीत न गुंफलेले मूळ रेणू शिल्लक राहतात. त्यात मऊपणा यावा, ते उन्हाने तडकू नये, रंगाने खुलावे म्हणून मिसळलेली द्रव्ये बहुधा साखळीशी बांधलेली नसतात. आणि उष्णता, तेल, आंबटपणा व काळ या चौघांचे साहाय्य मिळताच ही सुटी प्रजा अन्नाच्या मुलखात बेमालूम शिरते. पितळ निदान जिभेवर कबुली देते. हे काहीच बोलत नाही. म्हणून जिभेची जागा येथे कायद्याला घ्यावी लागली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी असे फर्मावले आहे की, प्लॅस्टिकमधून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा, अथवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा, अधिक द्रव्य उतरता कामा नये, आणि रंग तर डोळ्यांना दिसेल इतकाही उतरू नये. याची परीक्षा खऱ्या अन्नावर न करता त्याच्या प्रतिनिधींवर होते. आंबट पदार्थांच्या वतीने ३ टक्के ॲसेटिक आम्ल उभे राहते.

साठ का? शून्य का नव्हे? सोवळ्याच्या मनाला पडणारा हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयातही पडला होता. तेथील १९५८ च्या कायद्याने, जे द्रव्य अन्नात उतरण्याची वाजवी अपेक्षा आहे ते भांड्यातले असले तरी अन्नात घातलेलेच समजले. आणि पुढे ॲक्रिलोनायट्राइलपासून केलेल्या पेयाच्या बाटलीला १९७७ साली मनाई झाली, तेव्हा शासकीय पक्षाने थेट ऊष्मागतिकीचा दुसरा नियम पुढे केला : स्पर्श आहे तेथे संक्रमण आहेच, मग ते यंत्राला सापडो वा न सापडो. १९७९ साली न्यायमूर्ती लेव्हेंथल यांच्या न्यायालयाने तो युक्तिवाद अपुरा ठरवून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले, कारण केवळ स्पर्शाचे तत्त्व पुरेसे नाही, उतरणारे प्रमाण नगण्य नाही असे सकारण म्हणता आले पाहिजे. मला हा निवाडा एखाद्या भाष्यग्रंथाच्या तोडीचा वाटतो. पूर्ण असंग वस्तू विश्वात नाही, हे भौतिकशास्त्राने मान्य केल्यावर शुद्धी ही स्थिती उरत नाही. ती एक मर्यादा होते, आणि मर्यादा कोणीतरी आखावी लागते.

आखणाऱ्याचा हात मात्र थरथरतो. बिस्फेनॉल-ए या द्रव्याचा स्त्रीसंप्रेरकासारखा गुण संशोधक डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखविला होता. तरी त्यापासून केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून तान्ह्या मुलांना दूध पाजले गेले, आणि तशा बाटल्यांना युरोपात २०११ साली, तर आपल्या मानकात २०१५ साली मज्जाव झाला. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोजचे ४ मायक्रोग्रॅम सह्य मानले होते; २०२३ मध्ये तिनेच तो आकडा ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी, खाली आणला. त्याच वर्षी जर्मनीच्या तज्ज्ञ संस्थेने २०० नॅनोग्रॅम पुरेसे सुरक्षित ठरविले. दोघेही प्रामाणिक आहेत असे मी मानतो. या मतभेदात कायद्याची अप्रतिष्ठा पाहणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यात एक अपूर्व नैतिक घटना दिसते. सोवळे नेसणारा स्वतःच्या शुद्धीसाठी झटत होता आणि बाटण्याचे भय त्याला स्वतःपुरते होते; येथे कारखानदाराला, ज्याचे तोंड तो कधी पाहणार नाही अशा मुलाच्या शरीराबद्दल, अजून सिद्ध न झालेल्या अपायासाठीही जाब द्यावा लागतो. आश्रयदोषाला त्याचा खरा अर्थ येथे लाभला असे मी म्हणेन : अन्न ज्याच्या हातून येते त्याचा जन्म नव्हे, त्याची दक्षता तपासली जाते.

आणि तरीही गेल्या आठवड्यात, संध्याकाळच्या गर्दीत, एका खानावळीच्या फळीपाशी उभा असताना मी पाहिले की, तेथील पोरगा उकळत्या पातेल्यातून चिंचेची आमटी डावाने काढून पातळ पिशवीत ओतीत होता, वाफेने फुगलेल्या पिशवीचे तोंड बोटांना चटके बसत असतानाही झटकन गाठीत आवळीत होता, आणि त्या पिशव्या दिसायला धान्य भरण्याच्या पिशव्यांहून वेगळ्या नव्हत्या. विनियमांचे कोणतेही कलम त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. मी माझा पितळी डबा पुढे केला. त्याने झाकण उघडून आत पाहिले, आणि ‘काका, याला कल्हई आहे ना? आमटी आंबट आहे,’ असे विचारले.