सांबर पडल्यानंतर



रेवदंड्याला खाडीकाठी उभे राहिले की पलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्याही पुढे, मुरूड-रोह्याच्या डोंगरांत फणसाडचे रान आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली शासनाने त्याचे अभयारण्य केले. सांबर आणि भेकर तेथे आजही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची शिकार हा गुन्हा आहे. तरीही कोकणात रात्री बत्ती आणि बंदूक घेऊन रानात शिरणारे लोक आहेत. उद्या आपल्या वस्तीतल्या एखाद्या तरुणालाही कोणी म्हणेल, "चल, मजा येईल." म्हणून हा विषय.

कायद्याचे काम वनखाते पाहील. आपण मनाचे पाहू, कारण धम्माची सुरुवात मनापासून होते.

सांबर पडते तेव्हा शिकाऱ्याच्या मनात काय होते? बार वाजतो, जनावर कोसळते आणि छातीत आनंद उसळतो. नेम साधला, रात्रभराच्या जागरणाचे चीज झाले, चार जणांत मान वाढला! हा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण मग तो जवळ जातो. अंग अजून गरम असते. डोळा उघडा असतो. मादी असेल तर कधी कासेत दूधही असते. त्या क्षणी हात थबकतो, घसा कोरडा पडतो. लगेच कोणी बाटली काढतो, कोणी थट्टा करतो, कोणी देवाच्या नावाने वाटा बाजूला ठेवतो, आणि ती दुसरी भावना दाबून टाकली जाते.

ही भावना एकट्या कोकणातली नाही. जर्मनीत मेलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवण्याची शिकाऱ्यांची जुनी रीत आहे. ज्याच्या मनाला काहीच टोचत नाही, त्याला ती डहाळी ठेवावीशी का वाटावी?

बंधूंनो, ती टोचणी म्हणजेच करुणेचा अंकुर. लोक तिला भित्रेपणा म्हणतात. सिद्धार्थालाही त्याच्या सोबत्यांनी शिकारीला चल म्हणून आग्रह केला होता. निदान आमचा नेम तरी पाहा, असे ते म्हणाले. निरपराध प्राण्यांचा वध पाहणेही त्याने नाकारले. तो क्षत्रियाचा मुलगा होता. धनुष्य त्याला धरता येत नव्हते असे थोडेच आहे?

येथे आपल्या तरुणांना एक मोह होतो, तो उघड बोलला पाहिजे. पूर्वी बंदूक दुसऱ्याच्या हाती असे. रान उठवायला गोरगरिबांना हाकारे म्हणून नेत. नेम साहेबाचा आणि काटे आपल्या पायांत! म्हणून आज बंदूक आपल्या हाती आली की वाटते, आता आपण बरोबरीचे झालो. पण जो काल आपल्याला रानात राबवत होता, त्याचीच हौस आपण उचलली, तर ती बरोबरी कसली? आपल्याला माणूस म्हणून उभे राहायचे आहे. त्यासाठी मुक्या जिवाला आडवे करावे लागत नाही.

बंदूक धरणाऱ्यांहून कितीतरी मोठा असलेला एक राजा पाहा. याच कोकण किनाऱ्यावर, उत्तरेला सोपारा येथे, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका भाग सापडला. हा लेख गिरनारला विस्ताराने वाचायला मिळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि शिकार करत, असे अशोक त्यात सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीस गेला. तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. वृद्धांना भेटावे, त्यांना दान द्यावे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माविषयी बोलावे. यातच आपल्याला अधिक आनंद मिळतो, अशी त्याची साक्ष आहे. शिकारीत आनंद नसतोच, असे तो म्हणत नाही. त्याहून मोठा आनंद आहे, असे तो सांगतो.

कोणी विचारील, मग दर्याकाठी राहून आम्ही मासळीही खायची नाही काय? परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा भेद तथागतांनी केला, असे ते दाखवतात. पोटासाठी जाळे टाकणारा कोळी आणि घरात धान्य असताना रात्री हौसेने रानात जाणारा माणूस यांना एका मापाने मोजू नका. मात्र गरजेच्या नावाखाली हौस लपवूही नका. पहिले शील घेताना प्रत्येकाने हा हिशेब आपल्या मनाशी प्रामाणिकपणे करावा.

तेव्हा कोणी शिकारीला बोलावले तर सरळ नाही म्हणा, आणि कारणही सांगा. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन रीतसर परवानगीने फणसाड पाहायला जा. झाडीत उभे सांबर दिसले तर मुलांना गप्प उभे राहून पाहू द्या. तथागतांनी पहिला उपदेश केला ती सारनाथची जागा मृगदाय, म्हणजे हरणांना अभय असलेले वन होते, हे त्यांना तेथेच सांगा. सांबर आपल्या वाटेने निघून जाईल. तेव्हा मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसेल, त्यात टोचणी नसेल.

सर्व प्राणिमात्रांचे मंगल होवो. जयभीम!