अंडे: जीव, व्रत आणि तवा

अंडे शाकाहारी की मांसाहारी, या प्रश्नाचे उत्तर यवतमाळच्या रस्त्यावर घड्याळ आणि तवा मिळून देतात. सकाळ तर्री पोह्यांची, आलूबोंड्याची आणि मिरची भज्यांची. अंड्याचे गाडे बहुधा दिवस कलल्यावर लागतात: उकडलेले अंडे चिरून वर कांदा-तिखटमीठ, आमलेट-पाव, हाफ फ्राय, भुर्जी. कापूस घालून घरी निघालेला शेतकरी, पांढरकवड्याला गाडी लावलेला नागपूर–हैदराबाद रस्त्यावरचा ट्रकचालक, एस.टी. चुकलेला प्रवासी, सगळ्यांना ते परवडते. शिवाय ते डोळ्यांदेखत फुटते, त्यामुळे परक्या मुलखातही त्यावर भरवसा बसतो. त्याच रस्त्यावर गाड्याला वळसा घालून जाणारा माळकरी असतो, महानुभाव असतो, जैन असतो. एकाला जे साधे जेवण वाटते ते दुसऱ्याला निषिद्ध का, याची कारणे पाहू गेल्यास ती एक नसून तीन निघतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा मेळ नाही.

पहिले कारण जीवाचे. ऐतरेय उपनिषदाने जीवांचे चार वर्ग सांगितले आहेत: अंडज, जारज, स्वेदज आणि उद्भिज्ज. या विचारात अंडे हा पदार्थ नसून जन्माचे दार ठरते. मात्र उद्भिज्ज म्हणजे मातीतून उगवणारेही याच यादीत आहे, म्हणजे जीव असणे एवढ्यावरच निषेध टेकवला तर मोड आलेली मटकीही सुटत नाही. जैन विचाराने ही अडचण सरळ स्वीकारली. इंद्रियांच्या संख्येनुसार जीवांची पायरी लावली, पंचेंद्रिय प्राण्याची हिंसा सर्वांत जड मानली आणि कंदमुळांतही अनंत जीव मानून बटाटा-कांदाही वर्ज्य केला. कडक नियम पाळणाऱ्याला म्हणून आलूबोंडाही चालत नाही. पटो न पटो, या भूमिकेत सुसंगती आहे.

दुसरे कारण शुद्धतेचे, आणि व्यवहारात चालते ते हेच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा, गावडुक्कर, अळंबी, लसूण आणि कांदा यांचा निषेध एकाच श्लोकात आहे. भुर्जीच्या तव्यावर यांतले कांदा-लसूण आणि कोंबडीचे अंडे एकत्र येतात, पण आज त्यांतले अंडे तेवढे मांसाहारी मानले जाते. कांद्याला मराठी घरांनी वर्षातून चार महिने बाहेर ठेवून बाकी आठ महिन्यांचा परवाना दिला. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, पोटभर कांदाभजी खाऊन चातुर्मासाची तयारी करणे हा तर सणच झाला. अंड्याला मात्र असा परवाना प्रत्येक घराने आपापला दिला: कुठे सोमवार-गुरुवार सोडून, कुठे श्रावण सोडून, कुठे स्वयंपाकघराबाहेर वेगळ्या कढईत. ज्या तव्यावर आमलेट झाले त्यावरची पोळी नको म्हणणाऱ्याला हिंसेची नव्हे, संसर्गाची भीती असते. अहिंसेच्या नावाने बोलताना हा फरक सहसा झाकला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या सगळ्यांनी हा निषेध मानलेला नाही. गोंड आणि कोलाम समाजांत गावदेवतेला कोंबडे देणे हाच पूजेचा भाग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भभर पसरलेल्या बौद्ध समाजातही अंड्याला बंदी नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये डॉ. आंबेडकरांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. त्यांच्या मांडणीत अहिंसा हे आंधळेपणाने पाळायचे कलम नसून विवेकाने वापरायचे तत्त्व आहे.

आता बाजारातल्या अंड्याकडे. व्यापारी कुक्कुटपालनात कोंबडी कोंबड्याशिवायच अंडी घालते. ते अंडे कितीही उबवले तरी त्यातून पिल्लू निघत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात नेमका हाच मुद्दा घेतला: दूध चालत असेल, तर अशा निर्जीव अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही. तरीही ते स्वतः अंडे खात नसत. विलायतेतल्या विद्यार्थिदशेत त्यांनी थोडे दिवस अंडी खाल्ली आणि सोडली. मांसाच्या तीन व्याख्या त्यांच्यासमोर होत्या. त्यांतल्या दोन सोयीच्या होत्या, अंड्याला सूट देणाऱ्या. पण मांस न खाण्याची शपथ आईला दिली होती आणि आईच्या समजुतीत अंडे मांसातच मोडत होते. शपथ घेणाऱ्याने अर्थ बदलायचा नसतो, असे ठरवून त्यांनी पुडिंग-केकमध्ये अंडे आहे का याचीही चौकशी सुरू केली. अंडे न खाण्याचे हे तिसरे कारण, व्रताचे. जीवशास्त्राने त्याला धक्का लागत नाही, कारण ते जीवशास्त्रावर उभेच नाही.

निर्जीव अंड्याचा युक्तिवादही तितका निर्मळ नाही. अंडी देणाऱ्या जातीतले नर पिल्लू ना अंडे देते, ना मांसासाठी भराभर वाढते, म्हणून उबवणी केंद्रात ते जन्मताच मारले जाते. जर्मनीने २०२२ पासून या प्रकाराला कायद्याने बंदी केली. अंड्यात जीव नसला तरी त्यामागच्या व्यवस्थेत हत्या आहे. दुधामागच्या गोऱ्ह्याचा आणि हल्याचा हिशेब मात्र याच तराजूवर क्वचितच मांडला जातो. भारतीय कायद्याने तर प्राणिज पदार्थांतून दुधाला नाव घेऊन वगळले आणि अंड्याला मांसाहारात बसवले. हा समाजाच्या सवयीशी केलेला करार आहे, तत्त्वाचा निकाल नव्हे.

प्रवासात सूट मिळते का? छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण उपासमारीत माहुताच्या ताटातले उष्टे खातो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो. अन्नावाचून प्राण गेला असता, पाणी तर कुठेही मिळेल, असे तो सांगतो. आपद्धर्माची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही: गरजेपुरतीच सूट. यवतमाळच्या बसस्थानकाजवळ केळी आणि पोहे मिळत असताना व्रतस्थाला अंड्यासाठी आपद्धर्म सांगता येत नाही. ज्याचे व्रत नाही त्याला अशी सूट लागतच नाही.

व्रत असलेला आणि नसलेला यांतला हा भेद शासनाच्या धोरणात टिकला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे दिले आणि न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवली. ती व्यवस्था न्याय्य होती, कारण कोणाचेच व्रत त्यात मोडत नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी थांबवला आणि ते हवे असल्यास शाळांनी लोकसहभागातून पैसा उभारावा असे सांगितले. कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेला असा लोकसहभाग कुठून मिळणार, याचे उत्तर त्या निर्णयात नाही.