पुरुषासारखी चाल

निवांत बसा. पाठ टेकवा. डोळे मिटा.

अशाच एका आरामखुर्चीत एक बाई पेंगत होती. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेल्या, बेगम रोकेया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ या कथेतली. बाहेर चांदणं, पुरुष नोकर निजलेले, म्हणून ती मैत्रीण समजून एका बाईबरोबर फिरायला निघते. पाहते तो लख्ख सकाळ, आणि रस्त्यावर सगळ्या बायकाच. पडद्यात वाढलेली ही बाई अंग चोरून चालते, तशा त्या हसतात. ही पुरुषासारखी दिसते म्हणे! म्हणजे बुजरी, भित्री. त्या देशात पुरुष मर्दान्यात, म्हणजे जनान्यासारख्या पण पुरुषांसाठीच्या भागात, कोंडलेले राहतात.

इथे थांबा. घाई नाही. आपल्या बोलण्यातला ‘बायकी’ हा शब्द आठवा. शेवटचा कधी ऐकलात, कुणाबद्दल? हसलात का? उत्तर नको. शब्द नुसता जिभेवर राहू द्या.

आता तो देश डोळ्यांपुढे आणा. इसाबेल एर्गेरा या स्पॅनिश दिग्दर्शिकेने २०२३ मध्ये या कथेवरून अ‍ॅनिमेशनपट केला. त्यात आजची गोष्ट जलरंगांत आहे आणि बायकांचा देश मेंदीच्या नक्षीत. ही निवड मला फार नेमकी वाटते. मेंदी ओली असेपर्यंत हाताला काही करता येत नाही. तहान लागली तरी पाणी दुसऱ्याने पाजायचं. इथे त्याच रेषेतून अख्खं शहर उभं राहतं.

श्वास सावकाश सोडा. मर्दान्याचं दार दिसतंय? मनात येईल, कोंडून ठेवणं हा अन्यायच की. येऊ द्या. रोकेयांचा उपरोध तिथेच नेऊन सोडतो. हा देश काही बिऱ्हाड करायला रचलेला नाही. दाराआड बाई असते तेव्हा ‘अन्याय’ हा शब्द इतक्या चटकन सुचतो का, तेवढं मात्र न्याहाळा. जरा वेळ तिथेच उभे राहा.

आता त्या सोबतिणीचं घर. भाजीच्या वाफ्यांमध्ये स्वयंपाकघर. धूर नाही, कोळसा नाही, रांधायला साठवलेलं ऊन. पाहुणी येणार म्हणून घरातल्या पुरुषांना आधीच बाजूला व्हायला सांगितलेलं.

डोळे उघडा. उठा, आणि तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता कोण आहे, ते बघून या.