बोटाला लागतं ते

काही दोष इतके लहान असतात की त्यांना दोष म्हणतानाही संकोच वाटतो. फेरारीच्या काही गाड्यांमधलं चिकट बटण हा त्यातलाच एक. १९९९ साली आलेली ३६० मोडेना, २००४ साली आलेली एफ४३० आणि त्या सुमाराची आणखी काही मॉडेलं ज्यांच्याकडे आहेत त्यांना, आणि ती दुरुस्त करणाऱ्यांना, हा दोष चांगला ठाऊक आहे. गाडी सुरू होते. इंजिन गुरगुरतं, ब्रेक लागतात, दिवे लागतात. फक्त काच खाली करायला बटण दाबलं की बोट क्षणभर तिथंच अडकतं, आणि उचललं की त्यावर काळा, गुळासारखा चिकट डाग उरतो. कुणाचा जीव धोक्यात येत नाही, कुणाचा खोळंबा होत नाही. गाडीच्या मालकावर दया करावी असं तर त्यात काहीच नाही.

असं असूनही या बटणाशी मी बराच काळ अडखळलो आहे, आणि त्याचं कारण त्याचा क्षुल्लकपणा हेच आहे. काम चांगलं का करायचं, या प्रश्नाला मोठ्या कामांत आयतं उत्तर मिळतं. पूल नीट बांधायचा, कारण तो पडला तर माणसं मरतील. टाके नीट घालायचे, कारण जखम चिघळेल. परिणामांची भीती इतकी मोठी असते की तिच्यामागे दुसरं काही कारण आहे का, हे दिसतच नाही. बटणाच्या बाबतीत ती भीती नाही. गरजूला मदत केल्याचं समाधानही नाही. हे सगळं वजा केल्यावर, ते बटण मन लावून दुरुस्त करण्यात काही नैतिक अर्थ उरतो का? उरत असेल तर तो कोणता?

आधी रोग समजून घेऊ. या बटणांचा मूळ गाभा साध्या कठीण प्लास्टिकचा असतो. प्लास्टिक हाताला स्वस्त लागतं, म्हणून त्यावर रबरासारख्या मऊ रंगाचा पातळ थर दिलेला असतो. हा थर बहुधा पॉलियुरेथेनचा. बोट टेकलं की मखमलीचा भास व्हावा, एवढंच त्याचं काम. पण हवेतली आर्द्रता त्या रसायनाच्या लांब साखळ्यांचे सांधे हळूहळू सोडवत जाते. उष्णता आणि बोटांवरचं तेल त्याला हातभार लावतात. काही वर्षांनी मखमलीचा चिकटा होतो. गाडी आच्छादन घालून बंद गॅरेजमध्ये ठेवली म्हणून हे टळत नाही. हवा तिथंही असतेच. असाच थर दुर्बिणींवर, कॅमेऱ्यांवर, लॅपटॉपच्या झाकणांवर आणि दोन-तीनशे रुपयांच्या टॉर्चवरही दिलेला असतो, आणि तिथंही तो असाच विरघळतो. पाणी किंमत विचारत नाही.

म्हणजे गंमत अशी, की या गाडीत जे महाग वाटत होतं ते केसाएवढ्या जाडीच्या थरात होतं, आणि नेमकं तेच आधी गेलं. खालचं साधं प्लास्टिक मात्र अजून धडधाकट आहे.

दुरुस्ती ऐकायला सोपी आहे. बटणांची पट्टी प्लास्टिकच्या चपट्या पात्यानं अलगद उचकटायची. लोखंडी पातं वापरलं तर शेजारच्या चामड्यावर ओरखडा उठतो. मागची वायर सोडवायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्यानं थर पुसत राहायचं. फडकं काळं होतं, बदलायचं, पुन्हा पुसायचं. एकेका बटणाला असा बराच वेळ जातो. काही बटणांवरची पांढरी चिन्हं त्या थरावरच छापलेली असतात. थराबरोबर तीही जातात आणि नव्यानं उमटवावी लागतात. काही ठिकाणी चिन्ह रंगातून कोरून काढलेलं असतं, म्हणजे मागच्या दिव्याचा उजेड त्यातून यावा. तिथं घासताना हात जड झाला तर काम बिघडलंच.

मग खरा प्रश्न येतो. थर काढल्यावर खाली सापडलेलं कठीण, काळं प्लास्टिक तसंच ठेवायचं, की त्यावर पुन्हा रंग चढवून ‘कारखान्यातून आली तशी’ गाडी करायची? पुष्कळ मालकांना दुसरं हवं असतं. त्यांचं म्हणणं, गाडी होती तशी दिसली पाहिजे. पण ‘होती तशी’ म्हणजे कधी होती तशी? पहिल्या दिवशीची? त्या दिवशीच्या मऊपणातच आजच्या चिकट्याचं बीज होतं. तोच थर पुन्हा देणं म्हणजे तोच रोग पुन्हा पेरणं. उलट, उघडं प्लास्टिक ठेवलं तर बटण अनेक वर्षं टिकेल, पण बोट टेकताच कळेल की या दिमाखाच्या तळाशी एक साधी वस्तू आहे.

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या पुस्तकात याच जातीचा एक प्रसंग आहे. मित्राच्या नव्या, महागड्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं हँडल सैल होऊन सरकतं. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून सांध्यात बसवली तर काम होईल. तो पत्रा मऊ आहे, गंजत नाही, या कामाला अगदी योग्य. मित्र दुखावतो. आपल्या बीएमडब्ल्यूत बिअरच्या डब्याचा तुकडा! निवेदक पत्र्याकडे तो काय करतो या नजरेनं पाहतो, मित्र तो कुठून आला या नजरेनं.

मला दोघांचंही थोडं पटतं. वस्तूचं रूप हाही तिचा भाग आहे, आणि ज्यानं पैसे मोजले त्याला मऊपणा परत हवा असेल तर त्यात गुन्हा नाही. कारागिरानं काय निवडावं यापेक्षा त्यानं काय सांगावं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. नवा रंगही कधीतरी जाईल, हे मालकाला आधी सांगणं. उघडं ठेवलं तर ते कठीण लागेल, हेही सांगणं. आणि मालकानं उद्या गाडी विकली, तर घेणाऱ्याला ही बटणं पुन्हा रंगवलेली आहेत हे कळावं, असा आग्रह धरणं. रंग चढवण्यात लबाडी नाही. चढवलेला रंग मूळचा म्हणून खपवण्यात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस थ्रॅसिमाकसशी वाद घालताना एक फरक करतो. वैद्य जोवर वैद्य म्हणून काम करतो तोवर तो रोग्याचं हित पाहतो. त्याला मोबदला मिळतो हे खरं, पण मोबदला मिळवणं ही निराळी कला. ती वैद्यकीच्या जोडीनं चालते, पण ती वैद्यकी नव्हे. हे आपल्या बटणाला लावून पाहिलं, तर कारागीर कारागीर म्हणून ज्याचं हित पाहतो ते त्या बटणाचं, आणि त्यावर टेकणाऱ्या बोटाचं. मालक किती श्रीमंत, गाडी किती कोटींची, हा हिशेब दुसऱ्या कलेचा.

हे उत्तर मला फार आवडतं, म्हणूनच त्याची भीतीही वाटते. आपल्याकडे या विचाराला आणखी गोड रूप मिळालं आहे. सावता माळ्याला मळ्यात विठ्ठल दिसला, गोरोबांनी माती तुडवता तुडवता नामस्मरण केलं, या कथांवर आपण वाढलो. काम हीच पूजा, हे वाक्य सरकारी कचेरीतल्या भिंतीपासून गिरणीच्या फाटकापर्यंत सगळीकडे लिहिलेलं पाहिलं. पण हे वाक्य लिहिणारे आणि काम करणारे बहुधा वेगळे असतात. कामाचं मोल कामातच आहे, असं ज्याला मजुरी द्यायची आहे त्यानं म्हणणं सोयीचंच. ज्या समाजानं कामांची उतरंड लावताना माणसांचीही उतरंड लावली, त्यानं तर श्रमाच्या पूजेबद्दल जपून बोलावं. चामडं कमावणाऱ्याला वेशीबाहेर ठेवून चामड्याच्या आसनाची तारीफ करणारे आपणच.

गाड्यांच्या आतल्या कामात मुरलेला एक कारागीर माझ्या परिचयाचा आहे. मुंबईत परदेशी गाड्यांची कुशनं, छताचं कापड, डॅशबोर्डचं चामडं, अशी कामं तो करतो. उन्हानं काचेपाशी आकसलेलं चामडं पुन्हा ताणून बसवण्यात त्याचा हात धरणारे थोडे. चालत्या गाडीत कुठल्या पट्टीमागून खडखड येते, हे तो मागच्या सीटवर डोळे मिटून बसून, एकेक जागा अंगठ्यानं दाबत शोधतो आणि तिथं फेल्टची चिकटपट्टी लावतो. या धंद्यात येण्याआधी तो रिक्षांची हूड आणि सीट शिवायचा. मी त्याला एकदा विचारलं, “एवढं बारीक काम या गाड्यांमुळं शिकलात का?”

तो म्हणाला, “नाही हो. दुहेरी टाका मला रिक्षाच्या सीटलाही घालता येत होता. तेवढा वेळ तिथं कुणी विकत घेत नव्हतं.”

माझ्या सगळ्या वाचनाला या उत्तरानं बाजूला सारलं. प्लेटो दोन कला वेगळ्या करतो, पण दुसरी कला पहिलीला वेळ देते किंवा नाकारते, हे त्याच्या त्या युक्तिवादात दिसत नाही. कौशल्य होतं, मनही होतं. नव्हता तो वेळ. आणि रिक्षाच्या सीटवर दिवसाला कितीतरी माणसं बसतात. ज्या गाडीच्या शिवणीसाठी त्याला आज तीन दिवस मिळतात ती महिन्यातून दोन रविवारी बाहेर निघते.

या दोन जगांमधलं अंतर मुंबईकराला एका कारखान्याच्या नावानं मोजता येईल. १९६९ साली फियाटनं फेरारीत निम्मा हिस्सा घेतला, आणि त्यानंतरच्या कित्येक फेरारींमध्ये लहानसहान बटणं, काड्या फियाटच्या साध्या गाड्यांमधल्याच वापरल्या गेल्या. त्याच फियाटच्या ११०० या गाडीवरून कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी तयार झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनं आयुष्य काढलं. ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्या आतल्या भागाची आठवण ज्यांना आहे त्यांना ठाऊक असेल: काच वर करायची मूठ गायब, रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आलेला, दार आतून उघडत नाही म्हणून चालक उतरून बाहेरून उघडून देणार. आपण त्याला गमतीनं टॅक्सीचा स्वभाव म्हणायचो. फेरारीत तेच घडलं असतं तर तो दोष ठरला असता.

इथं दोन सोपी मतं वाट अडवून उभी असतात. एक म्हणतं, श्रीमंतांच्या बटणावर एवढा वेळ घालवणं हीच अनीती. दुसरं म्हणतं, ज्याला परवडतं त्यानं करावं, तुम्हाला काय त्याचं? मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिलं मत कारागिराच्या हातातलं सर्वांत चांगलं काम बंद करायला सांगतं, आणि त्यानं रिक्षाची सीट काही सुधारत नाही. दुसरं मत असं धरून चालतं की बारकाईनं लक्ष देणं हीच चैन आहे, म्हणून ती पैसेवाल्यालाच मिळणार.

मला वाटतं, चैन वेगळीकडे आहे. माणसाचं बोट जिथं टेकेल तिथं ते चिकटू नये, खरचटू नये, अडकू नये, एवढी अपेक्षा साधी आहे. ही अपेक्षा मनात धरून कुणीतरी तासभर फडक्यानं पुसत बसतो, यातही उधळपट्टी नाही. ती अपेक्षा फक्त काही बोटांसाठीच पुरी होते, ही चैन. त्या गाडीत चूक असेल तर ती कारागिराच्या काळजीत नाही. ती काळजी दारातून आत आल्यावर बाकीच्यांसाठी दार लावून घेतलं जातं, त्यात आहे.

म्हणून चिकट बटणाची दुरुस्ती मला एखाद्या मापासारखी वाटते. कापडाच्या दुकानात गज असतो, तसं. गज रेशमावर ठेवला म्हणून रेशमाचा होत नाही. मांजरपाटही त्यानंच मोजायचं असतं. सरकारी रुग्णालयातली व्हीलचेअर एका बाजूला ओढते, तिच्या हाताच्या पट्टीवरचं आवरण निघून धातूची कड वर आलेली असते. एसटीच्या खिडकीची काच अर्ध्यात अडकते आणि पावसात तिच्याशेजारची जागा रिकामी राहते. या गोष्टींनीही कुणाचा जीव जात नाही. म्हणूनच त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, आणि त्यांना वापरणारी माणसं हळूहळू शिकतात की आपल्या बोटाला काय लागतं हे कुणी पाहत नसतं. हे शिकणं मला त्या दोषापेक्षा कितीतरी मोठं नुकसान वाटतं.

शाळेच्या बाकावर एक खिळा वर आलेला असतो. दरवर्षी नव्या मुलाची चड्डी किंवा नव्या मुलीचा फ्रॉक त्यात अडकून फाटतो. तो आत बसवायला हातोडीचा एक घाव पुरतो. त्याआधी मात्र कुणीतरी त्या बाकावरून सावकाश हात फिरवायला हवा, आणि त्या हात फिरवण्याची मजुरी कुणीतरी द्यायला हवी.