नवशिक्याचे ऋण

कोणतीही विद्या शिकताना आरंभी काही ना काही बिघडतेच. कुंभाराच्या मुलाच्या हातून चाकावरची माती कोलमडते; पण तीच माती पुन्हा मळून घेता येते. गायनाचा विद्यार्थी पहाटे एकांतात खर्ज लावतो; त्याचा स्वर ढळला तरी ते ऐकावयास तंबोऱ्यावाचून दुसरा कोणी नसतो. चित्रपटकलेच्या विद्यार्थ्याला मात्र असा एकांत लाभत नाही. पंधरा मिनिटांचा लहानसा चित्रपट करावयाचा म्हटला तरी छायालेखक, ध्वनिलेखक, संकलक, नट, दिवे उचलणारे हात आणि आपले अंगण वापरू देणारा कोणी भला गृहस्थ, इतकी माणसे जमवावी लागतात. त्याचा रियाजच मुळी दुसऱ्यांच्या वेळेवर व श्रमांवर चालतो. तो चुकला तर वाया जाते ती माती नव्हे, माणसांचा दिवस. मग, आपण शिकावे म्हणून इतरांना राबविण्याचा अधिकार नवशिक्याला कोणी दिला, असा प्रश्न उभा राहतो.

आपल्या चित्रपटाच्या जन्माइतकाच हा प्रश्न जुना आहे. वडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विमापत्रे गहाण ठेवून चित्रविद्या शिकण्यासाठी लंडनला गेले. परतल्यावर, पैसा लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेत टिपली. वयाची चाळिशी उलटली होती. तरी त्या अंकुरापुढे ते विद्यार्थीच होते. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या यशाचे श्रेय आपण दादासाहेबांना देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु फितीला भोके पाडणे, ती धुणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळणे ही कामे सरस्वतीबाईंनी अंगावर घेतली नसती तर ते चित्र पडद्यावर दिसले असते काय? एकाच्या शिकण्याचा भार दुसऱ्याने वाहावा, ही रीत या कलेत पहिल्या दिवसापासूनची आहे.

ज्या कर्जाची जाणीव असते ते ऋण, आणि जाणीव नसते ती लूट, असा भेद आम्ही करतो. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. त्या ऋणांची लाज बाळगण्यास तिने सांगितले नाही. ती फेडण्यास सांगितले. विद्यार्थी-चित्रपटाकडेही याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते. नवशिक्याला मागण्याचा अधिकार आहे. पण मागितल्याच्या क्षणी त्याच्या माथी ऋण चढते, हे त्याने विसरता कामा नये.

ते फेडावयाचे कसे? पहिली फेड पूर्वतयारीची. फितीवर चित्रण होत असे त्या काळी चारशे फुटांचे रीळ साडेचार मिनिटांत संपून जाई. म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी विद्यार्थी दहादा विचार करी. आता चित्रण कार्डावर होते, आणि एकच दृश्य वीस वेळा घेतले तरी खर्च वाढत नाही. परंतु विसाव्या वेळी नटाचे पाय दुखतात ते दुखतातच. महाग फितीने जो संयम सक्तीने शिकविला, तो आता स्वतःहून अंगी बाणवावा लागतो.

दुसरी फेड अधिक कठीण. मित्राने रात्रभर पावसात भिजून दिलेले दृश्य संकलनाच्या वेळी निरुपयोगी ठरते. ते भिडेखातर ठेवावे काय? आमच्या मते ठेवू नये. मित्राने आपले श्रम चित्रपटासाठी दिले. चित्रपट चांगला होणे हीच त्यांची परतफेड. मात्र ते दृश्य का गाळले, हे त्याला आधी आणि तोंडावर सांगावे. काटछाट करताना निष्ठुर व्हावे आणि सांगताना मृदू. या दोहोंचा मेळ ज्याला साधला त्याला कलेबरोबर माणूसपणही साधले.

तिसरी फेड म्हणजे हाती घेतलेले पुरे करणे. पुण्यात ज्या आवारात १९३३ पासून ‘प्रभात’चे चित्रपट निर्माण झाले, तेथेच १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली. तेथील चिदानंद नाईक या विद्यार्थ्याने कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीच्या कन्नड लोककथेवरून, चार दिवसांत चित्रण करून, एक लघुपट केला. आणि २०२४ साली कान येथील महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. असे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्यास येते. बहुतेक विद्यार्थी-चित्रपट वर्गाच्या भिंतीपलीकडे जात नाहीत. तरीही ते पुरे व्हावेत. गीतेने शिकविलेला फलत्याग हा आळसाचा आडोसा नव्हे. फळाची आशा सोडता येते. इतरांनी ज्यासाठी घाम गाळला ते काम अर्धवट सोडता येत नाही.

आता दोन शब्द आमच्या मंदिरसमाजास. गोमंतकात देवळांच्या उत्सवांत गावकऱ्यांनी नाटके करण्याची रीत जुनी आहे. अडखळणाऱ्या राजाला आणि शब्द विसरलेल्या नारदाला गावाने सांभाळून घेतले, म्हणूनच तेथे नट घडले. आज कॅमेरा घेऊन सभामंडपाच्या दाराशी उभा राहणारा मुलगा त्याच कुळीचा आहे. त्याला आल्या पावली परत धाडू नये. पण सारेच त्याच्या हवाली करावे असेही नाही. पालखीपुढे डोळे मिटून उभ्या असलेल्या बाईच्या मुद्रेवर जे उमटते ते तिचे आणि देवाचे असते. तिला न विचारता ते उचलणे ही चोरीच. गर्भागाराचा उंबरठा कॅमेऱ्याला बंद असेल तर तो नकार विद्यार्थ्याने धडा म्हणून घ्यावा. दर्शनाला आलेला माणूस आधी मान लववितो, मग पाहतो. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा.

एवढ्या खटाटोपातून विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते? कला थोडी पडते. ती पुढे वाढेल किंवा वाढणारही नाही. परंतु चित्रपटाच्या अखेरीस जी नावे पडद्यावर सरकत जातात, ती त्याच्या ऋणांची वही असते. आपण एकट्याने काहीच केले नाही, हे इतक्या लहान वयात, इतक्या स्पष्ट अक्षरांत वाचावयास मिळणे ही सामान्य कमाई नव्हे. ती वही ज्याने मनापासून वाचली, त्याचा चित्रपट फसला असला तरी त्याचे शिक्षण फसले नाही, असेच आम्ही म्हणू.