ससाण्याचा धिक्कार

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात चॅपमन नावाची शाळा आहे. दक्षिणेकडे निघालेल्या हजारो पाकोळ्या १९८० च्या दशकापासून सप्टेंबरात तिच्या विटांच्या धुराड्यात मुक्कामाला येऊ लागल्या. पूर्वी त्या जुन्या, पोकळ झाडांत राहत. ती झाडे माणसाने तोडली. या पाखरांना फांदीवर बसता येत नाही, खडबडीत भिंतीला नखांनी लटकावे लागते. म्हणून पाखरे असेपर्यंत शाळेने भट्टी पेटवली नाही. मुले स्वेटर घालून वर्गात बसली! पुढे उबेची वेगळी सोय झाली आणि धुराडे पाखरांना राहिले.

तिन्हीसांजेला लोक समोरच्या उतारावर जमत. ससाणा आला की आरडाओरडा करून त्याचा धिक्कार करीत. पाकोळी निसटली की टाळ्या. हे मला पटत नाही. ससाणा भुकेपोटी एक पाखरू नेतो. झाडे तोडणाऱ्यांचा धिक्कार कोणी केला? डब्यात कोंबडी घेऊन आलेल्याने त्याला खुनी म्हणावे, हे जरा अतीच.

मग टाळ्या वाजवणाऱ्या लहानग्याला गप्प करावे का? त्याची दया खोटी नाही. अशाच दयेपोटी मुलांनी थंडी सोसली. मी त्याला गप्प करणार नाही. ससाण्यालाही रात्र काढायची असते, एवढे मात्र सांगेन.