दुर्बिणीचें वय

जुनी दुर्बीण घेणारा मनुष्य प्रथम तिचें वय विचारतो, आणि बहुधा त्याचें उत्तर तिच्या अंगावरच कोरलेलें असतें. आमच्या एका स्नेह्यांनीं पक्षी पाहण्यासाठीं घेतलेली ६×३० मापाची जर्मन लष्करी दुर्बीण परवां आम्हीं हातीं घेतली. तिच्यावर अनुक्रमांक होता. कारखान्याचें नांव मात्र नव्हतें. त्या जागीं ‘बी. एल. सी.’ हीं तीन अक्षरें होतीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सरकारनें लष्करी साहित्य करणाऱ्या कारखान्यांना अशीं सांकेतिक अक्षरें नेमून दिलीं होतीं. हीं येना येथील कार्ल त्साइस कारखान्याचीं. दुर्बीण युद्धकाळांतील, हें तेवढ्यावरून ठरलें.

स्नेह्यांचा प्रश्न तेथें संपला. आमचा तेथून सुरू झाला.

याच कारखान्यानें १८९४ सालीं लोलकांची दुर्बीण बाजारांत आणली. तेथील थोर शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनीं १८८९ सालीं त्याच्यासाठीं न्यास स्थापिला, आणि १९०० सालीं तेथें आठ तासांचा दिवस सुरू झाला. कामगार हा यंत्राचा भाग नव्हे, मनुष्य आहे, हें तेथें इतरांच्या आधीं ओळखलें गेलें. आणि त्याच कारखान्यांत युद्धकाळांत परदेशांतून सक्तीनें आणलेल्या माणसांना राबविण्यांत आलें! तीं तीन अक्षरें नेमलीं शत्रूला कारखाना कळूं नये म्हणून. आज त्यांच्याआड याहून अधिक कांहीं झांकलें जातें.

कोणी म्हणेल, दोष मनुष्याचा असतो, भिंगाचा नव्हे. आम्हांस तें मान्य आहे. दुर्बीण फेंकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तोच गृहस्थ ‘ही त्साइसची आहे बरें का!’ असें अभिमानानें सांगतो व तेवढ्यावर चार पैसे अधिक मोजतो. म्हणजे आबेंच्या पुण्याईचा वांटा त्याला हवा असतो. आपल्याकडे वारसानें इस्टेटीबरोबर ऋणही पत्करावें असा जुना दंडक आहे. नांवाचा मोठेपणा वस्तूला चिकटत असेल, तर नांवाचा कलंकही चिकटतो. दोन्ही मानावे, नाहीं तर दोन्ही सोडावे.

स्नेह्यांनीं त्या दुर्बिणींतून खुशाल पक्षी पाहावे. फक्त, ‘ही कोठली?’ असें घरच्या मुलांनीं विचारलें, तर उत्तर सालापाशीं थांबवूं नये. वस्तूचें वय अंकांत सांगतां येतें. तिचा इतिहास मात्र माणसांचीं नांवें घेतल्यावांचून, आणि ज्यांचीं नांवें कोणीं कोरलींच नाहींत त्यांची आठवण केल्यावांचून, पुरा होत नाहीं.